पियानोला हुंकारा

माझ्या बायकोनं त्या दुपारी पियानोला हुंकारा दिला. मी भिंतीच्या अलीकडं होतो. काखेत गोदावरीच्या वाळूतलं टरबूज, डोक्यावर ओलं उपरणं, पोटात कुणाचीतरी फजिती करायचा बेत शिजून राहिलेला, आन पायाखाली डॉक्टरच्या बंगल्यामागची ती बोळ, जिथून मी जवळचा रस्ता म्हणून रोज जातो आन ती जवळची अजिबात न्हाई. आतून डॉक्टरची बायको सौदामिनीबाई वाजवून राहिल्या होत्या. हळू चाललं होतं. एक सूर पडायचा, त्याच्या मागं दुसरा, मग दोघं मिळून पायऱ्या उतरायला लागायचे आन निम्म्यात उभे राहायचे, खाली निघालेल्या माणसाला आठवावं की कुलूप लावलं का न्हाई, तसे. अशा एका उभं राहण्यात वाळ्याच्या पडद्याआडून आवाज आला, "हं." एवढाच. न लांबवलेला, न दाबलेला. देवळाबाहेरच्या ढिगात आपली वहाण न बघता पायाला सापडते, तसा तो मला सापडला. शिवगंगा. टरबूज काखेतून घसरलं, ते मी मांडीवर झेललं आन तसाच एका पायावर उभा राहिलो. सूर पुढं निघाले. उतरले. थांबले. "हं," शिवगंगा म्हणली.

आमच्याकडं गोष्ट सांगणाराला हुंकारा लागतो. ऐकणारातल्या एकानं ते काम अंगावर घ्यायचं. सांगणारा म्हणला एक होता राजा, की "हं". राजा गेला रानात, "हं". हुंकारा बंद पडला की ऐकणारा निजला समजायचं आन सांगणारानं तोंड मिटायचं, मग तो राजा जिथं असंल तिथं रानात उभा, पाणी न्हाई, घोडा न्हाई, सकाळी कुणाला आठवण झाली तर त्याची सुटका. मी आजवर किती राजे रानात सोडले त्याचा हिशोब न्हाई. पण एका पायावर उभं राहून मी दुसराच हिशोब लावायला लागलो, शिवगंगेनं मला शेवटचा हुंकारा कवा दिला. लागेना. सरोजिनी, आमची एकुलती पोर, घरात होती तवर माझ्या प्रत्येक थापेला तिचा हुंकारा असायचा, असा खणखणीत की शेजारच्या घरातली म्हातारी खोकायची थांबायची. गेल्या साली ती लग्न होऊन निलंग्याला गेली. तिच्या आवाजाखाली शिवगंगेचा हुंकारा कवा बंद पडला ते मला कळलंच न्हाई. दिवा विझलाय हे खिडकी लावल्यावर कळावं तसं झालं. आन आता तीच बाई पडद्याआड बसून एका लाकडाच्या कपाटाला हुंकारा देऊन राहिली होती, ज्याला राजा म्हणता येईना का रान म्हणता येईना.

ते कपाट गावात आलं तवा मी ठेसनावर हजर होतो. हजर न्हाई असं नांदेडात काही होतच न्हाई. डॉक्टर अनंतराव सिकंदराबादहून बदलून आले, त्यांच्या मागं मालडब्यातून हे आलं, गोणपाटात गुंडाळलेलं. हमालांनी विचारलं, शेषेराव, काय हाय हो आत? मी म्हणलो, आत गोरा साहेब निजलाय, डॉक्टरनं सुई टोचून निजवलाय, हिसका बसला तर उठंल. हमाल हसले, मी बी हसलो, आन फलाटावरून उतरताना एका कोपऱ्याचा दणका बसला तसं त्याच्या पोटातनं असा घुम्म आवाज निघाला, बारीक, जाड, सगळे एकदम, की चौघं त्याला तिथंच ठेवून मालधक्क्याच्या पलीकडं. परत आणायला मला त्यांना गूळपाणी द्यावं लागलं. ही गोष्ट मी वर्षभर विकली, चौकात, कोर्टाच्या झाडाखाली, कापसाच्या वखारीत. सांगताना दर वेळी साहेब थोडा जास्त जागा व्हायचा. हसायचे सगळे. पण तो आवाज मात्र माझ्या बरगड्यांत राहिला होता, तो मी कुणाला सांगितला न्हाई. मी कापसाचा दलाल. आमचा सौदा रुमालाखाली होतो, बोटांनी. तोंड विनोद करून राहिलेलं असतं, खरं काय ते बोटं बोलतात.

निजामाचं राज्य, शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला, कचेऱ्या बंद. दर जुम्म्याच्या दुपारी डॉक्टरच्या ओसरीवर पुरुष आन आतल्या खोलीत बाया असं बसायला लागलं, कुणी बोलावलं न्हाई, कुणी हाकललं न्हाई. आधी लोकांची पंचाईत झाली. कव्वाली असती तर मान हलवली असती, भजन असतं तर टाळी धरली असती. ह्याला करायचं काय? रेणुकादास वकील म्हणले, "शेषेराव, ह्यात गाणं कवा सुरू होणार?" मी म्हणलो, ह्यात गाणं नसतं. ह्याची रीत निराळी. ऐकून झालं की प्रत्येकानं काय दिसलं ते सांगायचं. न्हाई सांगितलं तर वाजवणाराचा अपमान, विलायतेत ह्यावरून तलवारी निघतात. साफ थाप. वकील खोटं ऐकण्यात मुरलेला माणूस, पण त्यानं गिळली. वाजवणं संपलं तसा उठून उभा राहिला, घसा साफ केला, जणू समोर मुन्सफ बसलाय. म्हणला, "मला एक मोठं झुंबर दिसलं. एक माणूस शिडीवर चढून त्याचा एकेक लोलक पुसून राहिला होता. खाली कुणी न्हाई. मेजवानी कवाची संपलेली." मग खाली बसला आन टोपीनं तोंड पुसलं. मी हसू दाबून तयार बसलो होतो, ते तसंच राहिलं.

सौदामिनीबाईंनी खुर्ची वळवली. गोऱ्या नव्हत्या, उंच नव्हत्या, सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेत शिकलेली आपल्यातलीच बाई, कपाळाला मेणावर लावलेलं कुंकू, बोटं तेवढी लांब. त्यांना आता सगळं कळलंय असं माझ्याकडं बघत म्हणल्या, "आणखी कोणाला काय दिसलं?" त्यांनी माझी थाप उघडी पाडली न्हाई, उलट पदरात घेतली. तवापासून ती रीत झाली. धोंडाबाई म्हणून नदीपलीकडची एक कुणबीण, नवऱ्याचे डोळे डॉक्टरला दाखवायला आलेली, दाराला टेकून ऐकायची. तिला विचारलं तर म्हणली, "माय, कोरड्या हिरीत कुणी खडे टाकून राहिलंय. एकेक. पाणी लागतंय का बघून राहिलंय. लागंना. तरी टाकूनच राहिलंय." बाईंनी विचारलं, "मग शेवटी?" धोंडाबाई म्हणली, "शेवटी बुडुक वाजलं की हो. तुमीच वाजवलं." बाई पियानोवर हात ठेवून हसल्या, नुसत्या डोळ्यांनी, आन त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या बाईला नांदेडात बोलायला कुणी नव्हतं.

माझी पाळी आली तवा मी सांगितलं, मला तहसीलदाराची म्हैस जिना चढताना दिसली. चार पायऱ्या चढते आन विचार करते, मी म्हैस हाय, मी कुठं चाललेय. सगळी ओसरी लोटपोट. डॉक्टर दवाखान्यातनं हात पुसत आले, काय झालं बघायला. पुढच्या जुम्म्याला लोक वाजवणं संपायची वाट बघायचे, म्हैस कुठवर आली म्हणून. माझी म्हैस गच्चीवर गेली, तिनं तहसीलदाराचा कोट घातला, अर्जांवर सही केली. खरं सांगायचं तर म्हैस मला एकदा बी दिसली नव्हती. मला दिसायची लातूरची पेठ. भर दुपारची, सगळ्या दुकानांना फळ्या लावलेल्या, कडीला कुलपं, कुलपांना मातीचे लेप. माणूस न्हाई. सूर थांबले की ती दिसायची, सुरांत न्हाई, त्यांच्या मधल्या जागेत. मी लगेच डोळे उघडायचो आन मनातल्या मनात म्हशीला हाक मारायचो.

बायांच्या खोलीत शिवगंगेला विचारलं की ती म्हणायची, "मला काय दिसणार, मी आपली बसते." मला वाटायचं, खरंच बसते. पापड लाटायला सावली मिळते म्हणून जाते. तर त्या हुंकाऱ्याच्या दुपारी बोळीतनं टरबूज घेऊन घरी आलो, ती माझ्या मागून आली, पदरानं मान पुसत. मी म्हणलो, "कुठं होतीस?" म्हणली, "बाईकडं." "काय करत होतीस?" "बसले होते." मला म्हणायचं होतं, तू हं म्हणलीस, मी ऐकलं. त्याऐवजी मी टरबुजाला कान लावून वाजवलं आन म्हणलो, आत साहेब निजलाय. ती विळी आणायला गेली. जेवायला बसलो तवा मी एक डाव टाकला. वखारीत घडलेलं काहीबाही सांगायला घेतलं, आन चांगल्या जागी, जिथं माणसाला पुढचं ऐकल्याशिवाय राहवत न्हाई, तिथं मुद्दाम थांबलो. मारवाड्यानं गाठोडं सोडलं, आन आत काय असावं? थांबलो. ती तव्यावरची भाकर उलटवून राहिली होती. भाकरीला पापुद्रा सुटला, फुगली, बसली. मी थांबलेला. चुलीत एक काटूक तडकलं. तिनं माझ्याकडं बघितलं, चांगलं मायेनं बघितलं, आन विचारलं, "मीठ पाहिजे का?"

गाठोड्यात मांजर होती. ती मी त्या गाठोड्यातच ठेवली.

पुढच्या जुम्म्याला ऊन असं की ओसरीच्या फरशीवर पाणी शिंपडलं तर वाफ यायची. पियानोच्या दोन पट्ट्या उन्हानं वाकून बसल्या होत्या, दाबल्या की लाकडाचा नुसता ठक आवाज यायचा. बाई म्हणल्या, आज तेवढे दोन दात पडलेत, सांभाळून घ्या. वकील म्हणले, "बाई, हे कुणा जर्मन माणसाचं म्हणता, आन लढाई तर जर्मनाशी चाललीय. उद्या पोलीस अमीन दारात आला तर?" बाई म्हणल्या, "हा जर्मन मरून फार दिवस झाले, वकीलसाहेब. त्याच्यावर समन्स बजावून बघा." मग वाजवायला लागल्या. मी मुद्दाम दाराजवळ बसलो होतो, आतलं दिसेल असा. शिवगंगा भिंतीला टेकून, गुडघा उभा, हनुवटी गुडघ्यावर. सूर थांबले. तिनं हुंकारा दिला आन बाईंची बोटं जी हवेत थांबलेली होती, ती तो ऐकून मग खाली आली. मी बघतच राहिलो. दोघींचं चाललं होतं. सौद्यातल्यासारखं, पण रुमाल नव्हता, सगळं उघड्यावर, आन तरी कुणाला दिसून न्हाई राहिलं.

संपल्यावर बाई म्हणल्या, "शिवगंगाबाई, आज तरी सांगा." मला वाटलं, मी आपली बसते म्हणंल. ती म्हणली, "गाडी दिसली. मुरूडच्या रस्त्याची. दोनी बाजूला तूर उभी. बैल आपल्या मनानं चालून राहिलेत. मी मागं बसलीय पाय सोडून. एकटी. संगं कुणी न्हाई. कुणी बोलून न्हाई राहिलं." थांबली. मग जरा नवल वाटल्यासारखं म्हणली, "लई बरं वाटलं."

बाहेर टांग्याचा घोडा खूर आपटून राहिला होता. मला पेठ दिसायला लागली, फळ्या, कुलपं, आन मी घाईनं म्हणलो, "बैलांची नावं तरी विचारा, एखादा मी असंन." ओसरी फुटली. वकिलाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. बाई हसल्या न्हाईत. शिवगंगेनं गुडघा खाली घेतला, लुगडं सारखं केलं, आन दारातून मला असं बघितलं जसं आपण भिंतीवरच्या घड्याळाला बघतो, किती वाजले एवढं कळण्यापुरतं.

त्या गाडीत मी होतो. लग्नाच्या पहिल्या साली, लातूरहून मुरूडला, तिच्या मावशीच्या गावी. तूर खरीच उभी होती. मी लातूर सोडल्यापासून बोलून राहिलेलो, एका चोराची गोष्ट, जो दर घरात शिरून फक्त डाव्या पायाच्या वहाणा चोरतो. ती हुंकारा द्यायची, मग डुलक्या खायला लागली, मग माझ्या दंडावर डोकं टाकून निजली, आन निजेत बी हुंकारा देऊन राहिली. मी गोष्ट थांबवली. तरी थोड्या वेळानं "हं". बैल चालून राहिलेत, मी गप, आन ती झोपेत हं म्हणून राहिलीय, नसलेल्या गोष्टीला. माझ्या जन्मात तेवढाच एक रस्ता मी न बोलता गेलो असंन. आता तिनं गाडी तीच ठेवली होती, तूर तीच, बैल तेच. फक्त मला उतरवलं होतं.

घरी आल्यावर तिनं ट्रंक काढली. लातूरला तिचा भाऊ हणमंतराव, थंडीत त्याची बायको केवळाबाई गेली, घरात बाईमाणूस न्हाई, कवापासून तो सांगावा धाडून राहिला होता, आक्का येऊन राहा. तिनं आजवर उत्तर दिलं नव्हतं. आता लुगड्यांच्या घड्या घालताना म्हणली, "वैशाखातच जाते."

"ये की जाऊन," मी म्हणलो. "येशील कवा?"

"बघू."

"बघू म्हणजे? आखाडाच्या आत?"

"अवो, इथं माझं काय अडलंय," ती म्हणली. रागानं म्हणली असती तर मला समजलं असतं, रागाला माझ्याकडं औषधं हायेत. ती नुसती ट्रंकेत डोकावून बोलली. "तुमाला ऐकायला सगळं गाव हाय. मला तिथं शांत वाटंल. येईन, न्हाईतर न्हाई बी येणार. आत्ताच कशाला बोलायचं."

मग मी मला जे येतं ते केलं. म्हणलो, लढाईमुळं मोटार बंद झालीय, ती अड्ड्यावर जाऊन विचारून आली. ट्रंकेची किल्ली पिठाच्या डब्यात टाकली, तिनं भाकरी करताना काढून पदराला बांधली, एक शब्द न बोलता. मी रोज तोंडात नवीन काहीतरी घेऊन घरी यायचो आन ते तोंडातच विरघळायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या श्वासाकडं कान लावायचो, निजेत तरी म्हणतेय का. शेवटी एका दुपारी मी डॉक्टरच्या घरी गेलो, ओसरीवरनं न्हाई, मागच्या बोळीतनं. सौदामिनीबाई पियानोचं झाकण उघडून वाकलेल्या पट्ट्यांवर मेण घासून राहिल्या होत्या.

"बाई, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकंल."

"काय सांगू?"

"जाऊ नको म्हणून. न्हाईतर तुमाला हुंकारा कोण देणार?"

त्यांनी मेण खाली ठेवलं. "तुम्हाला ठाऊक आहे तर."

"मला सगळंच ठाऊक असतं. तेच तर कामाचं न्हाई."

त्या उठल्या, पुस्तक उघडलं. आडव्या रेघा, त्यांच्यावर मुंग्या लागल्यासारखे ठिपके. बोट ठेवलं एका जागी, तिथं ठिपका नव्हता, एक वाकडी खूण होती, अळी शेपटीवर उभी राहावी तशी. "हे काय आहे, सांगा."

"म्हशीचं शेपूट," माझ्या तोंडानं सांगितलं.

"हे गप्प राहणं आहे," बाई म्हणल्या. "ही खूण आली की हात उचलायचा. सूर लिहितात तसं हे पण लिहितात. ही छोटी गप्प, ही मोठी. लहानपणी मी ती सोडून पुढं पळायचे, तर आमची सिस्टर बोटांवर पट्टी मारायची. म्हणायची, इथं सूर नाही म्हणून इथं काही नाही असं समजू नकोस." मी त्या अळीकडं बघत राहिलो. जगात कुणीतरी कागदावर लिहून ठेवलंय की आता गप बस, आन लोक त्याचं ऐकतात. "मी तिला थांबवणार नाही, शेषेराव. ती माझ्याकडे येते ते ह्यासाठी येते. हे तिला घरात मिळत नाही."

मला हसू यायला पाहिजे होतं, कारण एवढी वर्सं ज्याची मला धास्ती तेच माझ्या बायकोला पाहिजे होतं, आन आम्ही एका ताटाशेजारी बसून जेवून राहिलो होतो. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी ही गोष्ट वर्षभर विकली असती.

पोचवायला मी संगं निघालो. ती न्हाई म्हणली न्हाई, हाव बी म्हणली न्हाई. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली, पेट्रोल लढाईवर गेलेलं, धुरावर चालायची ती. लोह्यापर्यंत मी ड्रायव्हरला हसवलं, पुढं सगळ्या मोटारीला. शिवगंगा खिडकीशी, ट्रंक पायाखाली, मेव्हण्यासाठी घेतलेलं टरबूज माझ्या मांडीवर. अहमदपूरच्या अलीकडं चढ लागला तसं मोटारीनं दम सोडला. क्लीनर म्हणला, उतरा, भट्टी पेटवायला लागते. लोक उतरून पांगले. आम्ही एका लिंबाखाली बसलो. खाली काळी रानं, नांगरून टाकलेली, ढेकळांवर ऊन. भट्टीचा भाता चालवल्याचा आवाज येऊन राहिला होता, घसाघसा, आन मधे मधे बंद पडायचा.

तो बंद पडला तवा पेठ आली. ह्या वेळी मी डोळे उघडेच ठेवले होते, तरी आली.

"ती म्हैस," मी म्हणलो, "मला कवा दिसलीच नव्हती."

"ते सगळ्या नांदेडाला ठाऊक हाय," शिवगंगा म्हणली.

"मला लातूरची पेठ दिसते. पिलेगाच्या सालातली. तू तवा लहान असशील. सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलेलं, पेठेला कुलपं. मला मिसरूड फुटलेलं. झोपड्यांत सगळ्यांना मी हसवायचो, तालुकदाराचा आवाज काढायचो, आजारी माणसं बी हसायची. मग पोरांनी पैज लावली की रिकाम्या पेठेत जाऊन दवंडी देऊन दाखव. मी गेलो. डबा बडवला, तालुकदाराच्या आवाजात ओरडलो, ऐका हो ऐका, आजपासून उंदरांना शेतसारा लागू. चांगला काढला होता आवाज. इतका चांगला परत कवा निघाला न्हाई." मी थांबलो. टरबुजाच्या देठाशी चाळा करून राहिलो. "कुणी हसलं न्हाई. असणार कोण हसायला. पण आवाज त्या फळ्यांवरनं पुढं गेला, पार टोकापर्यंत, आन माघारी आला, आन मी मलाच म्हणताना ऐकलं. मग काहीच न्हाई. मी चालायला लागलो तर वहाणा वाजायल्या. एक. मग दुसरी. उभा राहिलो की बंद. आमच्या घरापाशी आलो, कुलूप दिसत होतं, तरी सवयीनं आईला हाक मारली. आन आपण हाक मारलीय आन पुढं काहीच न्हाई, असं ते..." मला शब्द मिळेना. ज्या तोंडाला शब्द कवा कमी पडले न्हाईत, ते तोंड उघडं राहिलं. "तवापासून कुठं खामोश झालं की मला वाटतं, झालं, पेठ आली. मग मी काही बी बोलतो. तुला पाहिजे असतं ते गप राहणं, ते मला कुलूपच दिसतं."

मी गप झालो. शिवगंगा समोरच्या रानाकडं बघून राहिली होती. खाली क्लीनर भट्टीत तोंड घालून फुंकत होता, वर आला तर दाढीमिशा, भुवया सगळं एकसारखं काळं, नुसते डोळे, आन माझ्या जिभेवर एक असा फक्कड शब्द आला की सगळा चढ हसला असता. तो जिभेवर आला आन तिथं उभा राहिला. मला ती अळी आठवली, शेपटीवर उभी. हात उचलायचा. मी दात दाबले. मधलं अंतर वाढायला लागलं. लिंबाचं एक पान पडलं, टरबुजावर टेकलं, खाली गेलं. फळ्या दिसत होत्या. कुलपांवरची माती दिसत होती. मी पळालो न्हाई, तिथंच उभा राहिलो, त्या पेठेत, ह्या वयाचा, उपरणं खांद्यावर, मांडीवर टरबूज.

भाता थांबला. मोटारीनं खोकला काढला, घरघरली, लागली. लोक पळत येऊन चढायला लागले. ड्रायव्हर भोंगा वाजवून राहिला. "अवो शेषेराव, चला की, लातूर काय इकडं येणार हाय का?" मी मनात म्हणलो, संपलं, आन एका हातावर जोर देऊन उठायला लागलो.

शिवगंगा उठली न्हाई. रानावरची नजर न काढता तिनं डावा हात वर केला, मोटारीकडं, तळवा उघडा, थांब म्हणून. भोंगा बंद झाला.

"हं," ती म्हणली.